मिठाचं दरपत्रक

३ फेब्रुवारी
ही डायरी स्टोअरमधली. चोरलेली नाय. एका सप्लायरने नमुना म्हणून दिली होती, त्याचं दरपत्रक नापास झालं, मग ती टाकाऊच्या पेटीत पडली. प्रत्येक पानावर मधोमध जांभळा शिक्का हाय, ‘नमुना’. शिक्क्याच्या कडेकडेने लिहीन.
ही डायरी कोणाला दाखवायची नाय. मोठे अधिकारी ठेवतात म्हणून ठेवतोय.
संकल्प. रोज पाच इंग्लिश शब्द. मावा बंद. ही नोकरी सोडायची नाय. ही सातवी हाय. आई बोलली, कुठं तरी एक वर्ष पुरं काढ रे बाबा.

४ फेब्रुवारी
मावा खाल्ला. संकल्प काल लिहिला, पण पुडी परवाच घेतलेली होती. ती धरायची नाय.
शब्द: इंडेंट. म्हणजे मागणीपत्र. एकच झाला, पण वजनदार हाय.

७ फेब्रुवारी, दुपार
आज काम नाय. पंख्याखाली बसलोय.
मी पूर्वी रोह्याला कंपनीत पॅकिंगला होतो. तिथल्या कॉन्ट्रॅक्टरला इकडे विद्यापीठात माणसं पुरवायचं टेंडर लागलं. त्याने आम्हा सहा जणांना गाडीत घालून आणलं. दिवाळीला पाच जण पळाले. मी राहिलो. माझ्यात दम हाय. शिवाय दिवाळीत परत जायचं तिकीट मिळालं नाय.
इथून पेण साडेआठशे किलोमीटर. घरी सांगितलंय, परचेसमध्ये हाय. खोटं नाय. परचेसची खोली हाय आणि मी त्या खोलीत असतो. फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर मीच नेतो, ट्रॉलीने. पत्रांवर आवक-जावकचे शिक्केसुद्धा मीच मारतो. मी नाय आलो तर विद्यापीठ जागच्या जागी थांबेल.

१२ फेब्रुवारी
आज मोठी गोष्ट घडली. नीट लिहितो.
हॉस्टेलचं मागणीपत्र आलं. खडे मीठ, बारा टन. इथलं पाणी जड हाय, साबणाला फेस येत नाय. पाणी मऊ करायचं मशीन हाय, त्यात मीठ घालावं लागतं.
माझा बाप जनू म्हात्रे. कासू स्टेशनला उतरून खाडीकडे गेलं की आमचं मिठाचं आगर. जन्मभर मीठ ओढलं. वडखळचा बाबाजीशेठ दरवर्षी मीठ उचलतो. यंदा तो बोलला, हे शेवटचं, पुढच्या वर्षापासून मी गुजरातचं मीठ आणणार. त्यामुळे बाबा बोललेत, दुसरं गिऱ्हाईक लागलं तर आगर धरून ठेवीन, नाय तर फळी काढून खाडीचं पाणी आत घेईन, मग ती जागा मासेवाल्यांची.
आणि इथं माझ्या ट्रॉलीत बारा टनांचा कागद.
लगेच फोन लावला. बाबांना बोललो, यंदाची रास बाबाजीशेठला देऊ नका, विद्यापीठ घेणार. बाबा बोलले, बरं. आईने फोन ओढून घेतला. बोलली, युनिव्हर्सिटी एवढ्या मिठाचं करते काय? बोललो, आंघोळ. आई बोलली, जेवलास काय?

२० फेब्रुवारी
नूतन मॅडम आमच्या भांडारपाल. त्यांना सहज विचारलं, मॅडम, मीठ कसं घेतात. चष्म्यावरून बघून बोलल्या, तुम्हाला कशाला हवंय? बोललो, जनरल नॉलेज.
नियम असा. एवढ्या कमी रकमेला मोठं टेंडर लागत नाय. सीलबंद दरपत्रकं मागवतात. किमान तीन पाहिजेत. दोनच आली तर उघडायची पण नाय, परत जाहिरात. तिन्ही समितीसमोर फोडतात, ज्याचा भाव सर्वात कमी त्याला ऑर्डर.
मी विचारलं, तीनच का? मॅडम बोलल्या, एक माणूस खोटं बोलू शकतो, दोघं संगनमत करू शकतात, तिघं सहसा भांडतात. माझ्यासोबत ट्रॉली ओढणारा आदेश इथलाच हाय. तो मागून बोलला, काय मॅडम, तिघांमधले दोघं तर पहिल्याचे सालेच असतेत.
मॅडमनी ऐकलं नाय असं केलं. मी ऐकलं.

२१ फेब्रुवारी
हैबतरावकाका आणि कान्हू. दोघांची आगरं आमच्या बांधाला लागून. साले नाय, पण जवळचे.
प्लान असा. बाबांनी गावचा भाव लावायचा. कान्हूने त्याच्यावर आठ आणे. काकांनी एक रुपया वर. बाबा सर्वात खाली, म्हणजे ऑर्डर बाबांना. कान्हूला फोनवर समजावलं. तो बोलला, म्हंजे मी लिहायचं आणि माझं नाय घ्यायचं? बोललो, व्हय. तो बोलला, मग मी कशाला हाय? बोललो, तिसरा. तो हसत सुटला. एवढं काय हसायचं माहीत नाय.
संकल्प: ऑर्डर मिळाली की मॅडमच्या बाजूला टेबल मागायचं. लहान चालेल.

२ मार्च
कागदं जमवण्यात दिवस जातात. मनस्वी, माझी बहीण, कासूहून ट्रेनने रोह्याला कॉलेजला जाते. तिथल्या सायबर कॅफेत बसून तिने बाबांच्या नावाने धंद्याची नोंदणी काढली. फॉर्म भरताना फोनवर होतो.
वार्षिक उलाढाल किती, असा रकाना. बाबा बोलले, लिही, रोज सकाळपासून दिवस बुडेपर्यंत.
अनुभवाचा पुरावा मागितलाय. बाबा बोलले, पायाचा फोटो काढ माझ्या. मनस्वी बोलली, बाबा तिथं पीडीएफ लागते. मग ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, त्याच्यासाठी आईच्या दोन फेऱ्या झाल्या.
जीएसटी नंबर पण मागितलाय. मिठाला जीएसटीच नाय. मॅडमना विचारलं तर बोलल्या, नाही तर नाही असं लिहून द्या, पण लेटरहेडवर. लेटरहेड नाय. मनस्वीने वहीच्या कागदावर वर नाव लिहून खाली दोन रेषा मारल्या.

१० मार्च
नमुन्याची बरणी आली, पार्सलने. आईने झाकणाला फडका बांधून पाठवलेली. बरोबर चिठ्ठी, कोणाच्या हातावर देऊ नको.
मीठ हातावर देत नाय आमच्याकडे, भांडण होतं. मी बरणी मॅडमच्या टेबलासमोर फरशीवर ठेवली आणि मागे सरकलो. मॅडम बोलल्या, हे काय? सांगितलं. मॅडम बोलल्या, मग आता हे मी उचललं तर कोणाशी भांडू? आदेश बोलला, ऑडिटशी.
मॅडमनी वाकून उचलली. चांगल्या हायत.
शब्द: सोडियम. एवढाच.

१४ मार्च
काल गावची होळी झाली. होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळे आगरवाले देवळात बसतात आणि वर्षाचा भाव ठरवतात. नारळ फोडून. यंदा चार रुपये किलो. मनस्वीने कळवलं. आता आकडा पक्का, लिफाफे भरता येतील.
घरून करंज्या आल्या नायत. आई बोलली, लांब पडतं. मी बोललो, नमुना येतो तर करंजी येत नाय? आई बोलली, नमुन्याला पावती मिळते.

१८ मार्च
शेवटचं पान राहिलेलं. घोषणापत्र. मनस्वीने वाचून दाखवलं, ‘माझा कोणीही नातेवाईक विद्यापीठात कार्यरत आहे / नाही. असल्यास नाव व पद.’
हे मला आधी माहीत असतं तर एवढा घोर लावून घेतला नसता. रोह्याच्या कंपनीत गेटवर फॉर्ममध्ये असंच असतं, आत ओळखीचं कोण हाय. ज्याने नाव लिहिलं तो आत, ज्याने रिकामं सोडलं तो उन्हात. इथं तर छापूनच विचारलंय.
मनस्वीला बोललो, ‘नाही’ खोड. लिही, मुलगा चि. निकेश, भांडार विभाग, अधिकारी दर्जा.
ती बोलली, दादा, नक्की ना? अधिकारी?
बोललो, दर्जा लिहिलंय ना पुढे.
बाबांनी सही केली. मनस्वी बोलली, वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी ती ओळ परत वाचायला लावली.

२४ मार्च
तिन्ही लिफाफे आले. आवकचा शिक्का मी स्वतः मारला. पत्ते तिन्ही मनस्वीच्या अक्षरात, आणि तिन्हींना चिकटवायला भाताची शितं. एका लिफाफ्याला कडेला शीत सुकून राहिलेलं, ते नखाने काढलं. चौथा लिफाफा पण हाय, इथल्या शहरातल्या व्यापाऱ्याचा. छापील. येऊ दे.
दर ‘विद्यापीठ आवारात पोच’ असा पाहिजे, असं जाहिरातीत खाली बारीक लिहिलंय. म्हणजे गाडीभाडं त्यातच. आज बघितलं. घरी सांगितलं नाय, लहान गोष्ट हाय. रिकामे ट्रक इकडे येतच असतात.

२८ मार्च
आईचा फोन. बाबाजीशेठचा ट्रक बांधावर उभा हाय, ड्रायव्हर घाई करतोय, काय करू?
बोललो, परत पाठव. एक तारखेला लिफाफे फुटणार.
आई बोलली, निक्या, नक्की ना रे?
बोललो, फाईल माझ्या ट्रॉलीत हाय.
मागे ड्रायव्हरचा आवाज येत होता. आई बोलली, बरं. फोन ठेवला. जेवलास काय विचारलं नाय.

१ एप्रिल
लिफाफे फुटले नाय. मार्च एंडची बिलं संपली नायत, वित्तवाले साहेब मोकळे नायत. पुढची तारीख आठ.
माव्याचं: मार्चपुरता सुरू केलेला, तो आजपासून बंद.

८ एप्रिल
समितीत एक तज्ज्ञ सदस्य लागतो. तो लग्नाला गेला. मिठात तज्ज्ञ काय असतो ते कळलं नाय, पण तो नसला की कोरम होत नाय.
बाबांना फोन लावला. हल्ली संध्याकाळीच उचलतात. कुठं हाय विचारलं तर बोलले, आगरावर. मागे ट्रकचे हॉर्न, रिव्हर्स घेतानाचा तो आवाज, कोण तरी बोंबलतोय, अजून मागं, अजून मागं. आगरापर्यंत पक्का रस्ता झाला वाटतं. निवडणुकीपासून ऐकत होतो, शेवटी केला. ऑर्डर मिळाली की गाडी थेट राशीला लागेल. सगळं जुळून येतंय.

१३ एप्रिल
मनस्वीला राशीचा फोटो मागितला, मॅडमना दाखवायला. दोन तासांनी आला. पांढरी शुभ्र रास, बाजूला लाल बादली, बादलीच्या सावलीत कुत्रा झोपलेला. मॅडम बोलल्या, छान आहे. आदेश बोलला, हे तर ताजमहाल होय बाप्पा.
फोटो मोबाईलच्या तोंडावर लावला.

२५ एप्रिल
सदस्य लग्नाहून आला. वित्तवाले साहेब दौऱ्यावर गेले.

२ मे
परत फोटो मागितला. बाबांनी झाकायला पेंढा घातला की नाय ते बघायचं होतं. आला. रास, लाल बादली, कुत्रा तिथंच झोपलेला, त्याच अंगावर. अठरा-एकोणीस दिवस झाले. मनस्वीला लिहिलं, कुत्र्याला बघा, आजारी हाय काय. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाय. मग लिहिलं, दादा तो बरा हाय, आळशी हाय.
पेंढा अजून घातलेला दिसत नाय. बाबांना बोललो. ते बोलले, घालतो. मागे हॉर्न.

६ मे
लिफाफे फुटले. मी खोलीतच होतो, पाणी द्यायला.
पहिला, शहरातला व्यापारी. नऊ रुपये साठ पैसे. आमच्या दुपटीच्या वर. त्याला धंदा कळत नाय.
दुसरा, जनू म्हात्रे. चार रुपये.
तिसरा, हैबतराव. चार रुपये.
चौथा, कान्हू. चार रुपये.
वित्तवाले साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बोलले, हे अक्षर पण एकच आहे. तज्ज्ञ सदस्य बोलले, रेषा पण.
मी ग्लास उचलून बाहेर आलो.

६ मे, संध्याकाळ
हैबतरावकाकांना फोन केला. बोललो, काका, रुपया वर लिहायचं ठरलेलं. काका बोलले, देवळात नारळ फोडून चार ठरला, कागदावर पाच लिहिला तर उद्या बांधावर कुठल्या तोंडाने उतरू? बोललो, लिफाफा सीलबंद होता, कोणाला कळणार होतं? काका बोलले, भाताच्या शिताने चिकटवलेलं सीलबंद कधीपासून व्हायला लागलं?
कान्हूला विचारलं. तो बोलला, मी मनस्वीला साडेचार सांगायला बसलेलो, पण आई बघत होती.
शिकलेल्या माणसांबरोबरच धंदा करावा.

९ मे
घोषणापत्र निघालं. मॅडमनी बोलावलं. कागद माझ्याकडे फिरवून एका ओळीवर पेन ठेवलं. बोलल्या, हे तुम्ही लिहिलंत?
बोललो, बाबांनी. मी फक्त सांगितलं.
मॅडम बोलल्या, नातेवाईक असेल तर दरपत्रक बाद होतं, निकेश. ओळख विचारत नाहीयेत, ओळख नसल्याची शपथ घेतायत.
बोललो, मग छापताना तसं सांगायचं ना.
त्या हसल्या नाय. हळू आवाजात बोलल्या, अधिकारी दर्जा?
बोललो, दर्जा लिहिलंय फक्त.
फाईल आस्थापना विभागाकडे गेली, अभिप्रायासाठी. मीच नेली. जिना चढताना ट्रॉलीचं चाक निघालं.

१५ मे
आस्थापनाच्या साहेबांच्या टेबलावर आमची फाईल खालून चौथी हाय. पाणी द्यायला गेलो की बघतो. काल खालून चौथी, आज खालून सहावी. वर जातेय असं वाटलं, नंतर कळलं खाली अजून दोन घातल्या.
घरी सांगितलंय, शेवटच्या टप्प्यात हाय. आई बोलली, बरं. बोललो, आई तुला खुशी नाय काय? बोलली, हाय रे. तू टिकून हायस ना तिथं, मग झालं.

२० मे
आस्थापनाचं पत्र. उतरवून ठेवतो.
‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, श्री. निकेश जनू म्हात्रे या नावाची कोणतीही व्यक्ती या विद्यापीठाच्या सेवेत नाही. सबब नातेवाईक या अटीचा भंग होत नाही.’
मी एजन्सीचा, म्हणजे त्या कॉन्ट्रॅक्टरचा. पगार एजन्सी देते. हजेरी पण त्यांचीच. त्यामुळे विद्यापीठाच्या हिशोबाने मी इथं नाय.
म्हणजे बाबा पात्र.
मॅडम बोलल्या, अभिनंदन. मग परत बोलल्या, म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या.
आदेश बोलला, चला, आपण दोघंबी नाही न बे. मग हे ट्रॉली कोण ढकलून राह्यलं.
पत्राच्या खाली लिहिलंय, प्रत माहितीसाठी, श्री. जनू म्हात्रे, मु. पो. कासूजवळ, ता. पेण, जि. रायगड. ती प्रत जावकसाठी माझ्याकडेच आली. शिक्का मारला. पाकिटात घातली. पोस्टात टाकली नाय. ड्रॉवरमध्ये ठेवली, स्टेपलरच्या खाली. टाकीन. घाई नाय.

२३ मे
तिघांचे दर सारखे. एक अक्षर म्हणून वित्तवाले साहेब बाद करणार होते. मॅडम बोलल्या, गावात लिहिता येणारी एकच मुलगी असेल तर अक्षर एकच येणार, आणि संगनमत केलं असतं तर दर वेगळे लावले असते. साहेबांना ते पटलं.
मग चिठ्ठ्या. स्टेपलरच्या पिनांचा रिकामा डबा मी धरला. डोळे मिटलेले, मॅडमनीच सांगितलं मिट म्हणून. तज्ज्ञ सदस्यांनी उचलली.
जनू म्हात्रे.
शब्द: लोएस्ट. आज शिकलो. याच्याएवढा चांगला शब्द नाय इंग्लिशमध्ये.

२६ मे
ऑर्डर टाईप झाली. बारा टन, चार रुपये दराने, विद्यापीठ आवारात पोच, पंधरा दिवसांत. न दिल्यास पुरवठादारास तीन वर्षे काळ्या यादीत टाकण्यात येईल. बाबांचं नाव टाईप केलेलं पहिल्यांदा बघितलं. जनू चं ‘जनु’ केलेलं, मॅडमनी दुरुस्त करून घेतलं.
संध्याकाळी फोन करणार. आता केला तर बाबा उचलत नाय.

२६ मे, रात्री नाय, सातलाच
फोन बाबांनी उचलला. बोललो, बाबा, लागलं. ऑर्डर झाली. आगर राहिलं आपलं.
मागे ट्रक रिव्हर्स घेत होता. बाबांनी कोणाला तरी सांगितलं, गेट जरा तू बघ.
मग बोलले, निकेश, मीठ नाय रे.
बोललो, म्हणजे?
बोलले, ते गेलं मार्चमध्येच.
तो ट्रक परत गेलाच नव्हता. त्याच दिवशी भरला. काकांचं आणि कान्हूचं पण त्याच गाडीत. पाडव्याच्या आधी फळी काढली. एक एप्रिलपासून बाबा वडखळला गोडाऊनवर वॉचमन हायत. दिवसपाळी, संध्याकाळी आठला सुटतात. बारा तास बूट घालावे लागतात, त्याचाच त्रास होतो, बोलले.
मी विचारलं, मग रोज आगरावर हाय कशाला बोलायचे. बाबा बोलले, तूच विचारायचास, आगरावर काय म्हणून. मी व्हय बोलायचो.

२७ मे
आईला फोन केला. रडेल वाटलेलं. ती भांडी घासत होती, आवाज येत होता.
बोलली, तू एवढा खुशीत होतास. सहा नोकऱ्या सोडल्यास तू, निक्या. वाटलं मिठापायी तरी तिथं राहशील. वर्ष होऊ दे, मग सांगू.
बोललो, आणि फोटो?
बोलली, तो मनस्वीकडं एकच होता.
कुत्र्याचं विचारलं. तो आता मासेवाल्यांकडे असतो. त्यांच्याकडे जास्त खायला हाय.

२९ मे
अजून संपलेलं नाय. पंधरा दिवस हायत. बाबाजीशेठला फोन केला, माझं मीठ मला परत द्या, चारने. तो बोलला, तुझं कुठलं? शेवटी साडेसहा सांगितला. मग विचारलं, तिथं पोचवायचा किती? त्याने सांगितला. मिठापेक्षा भाडं जास्त हाय. मी बोललो, रिकामे ट्रक येतात ना. तो बोलला, रिकामे असतात ते, फुकट नसतात.
शहरातल्या व्यापाऱ्याला धंदा कळतो.

४ जून
मॅडमना सांगितलं. सगळं नाय. रास नाय एवढंच. त्या बोलल्या, कधीपासून नाही? बोललो, लिफाफे फोडायच्या आधीपासून. त्या बोलल्या, तुमच्या वडिलांनी सह्या कशा केल्या मग? बोललो, सह्या आधीच्या. नंतर फक्त फोटो.
मॅडमनी ती बरणी कपाटातून काढली. अर्धी शिल्लक होती, तपासणीला अर्धीच गेली. टेबलावर ठेवली. हातात दिली नाय.

११ जून
मुदत संपली.
आज सामान हलवताना आदेशने विचारलं, सोडून राह्यला का बे? बोललो, नाय. वर्ष पुरं व्हायला अजून अडीच महिने हायत. तो बोलला, मग काय करशील? बोललो, ट्रॉलीला चाक लावायचंय.

१६ जून
शहरातल्या व्यापाऱ्याचं मीठ आलं. दोनशे चाळीस गोणी. आम्ही दोघांनी उतरवल्या. एक गोणी फाटली. खडा जिभेवर ठेवून बघितला. सारखंच लागतं.
हातावर घेतलेलं, ते आदेशने पुढे हात केला म्हणून त्याच्या हातावर दिलं. भांडण झालं नाय.

१९ जून
काळ्या यादीचं पत्र निघालं. श्री. जनू म्हात्रे, तीन वर्षे, या विद्यापीठाच्या कोणत्याही खरेदी प्रक्रियेत भाग घेता येणार नाही. मॅडम सही करताना बोलल्या, याने त्यांना काही फरक पडतो का? बोललो, नाय.
ती ऑर्डर सोडली तर आमच्या घरात आजवर कोणाच्याही नावाने विद्यापीठाचं पत्र गेलेलं नाय. मनस्वीचं कॉलेजचं येतं, पण ते प्रिन्सिपलचं.
जावक रजिस्टरला नोंद केली. शिक्का मारला.
मग ड्रॉवर उघडला. स्टेपलरच्या खालचं पाकीट काढलं, या नावाची कोणतीही व्यक्ती सेवेत नाही, ते. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घातली. डिंक संपलेला, मागणीपत्र टाकलंय. दुपारच्या डब्यात भात होता.
पत्ता मीच लिहिला. अक्षर बरं आलं.